साहेबांची पट्टी

आमचे मॅनेजर कुठल्याही सरकारी साहेबाची गाण्याची पट्टी केबिनच्या बाहेर बसून सांगायचे. साहेब दिसायचीही गरज नसे. आतून साहेबांनी शिपायाला हाक मारली की बाहेर बाकावर मॅनेजर डोळे मिटायचे, मान एकदा हलवायचे आणि माझ्याकडे झुकून म्हणायचे, “काळी दोन. वर चढवायचं न्हाई ताई, घसरतीन.” पेटीवरच्या ज्या सुरात माणूस सुखानं गातो ती त्याची पट्टी, हे गाणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पण ती शोधायला आम्हाला पेटी लागायची, मॅनेजरांना शिपाई पुरायचा. “माणूस घरच्यांना हाक मारतो ती भेऊन मारतो. शिपायाला मारतो ती खरी,” असं त्यांचं म्हणणं. माझं लग्न झाल्यावर मला ते पटलं.

मॅनेजर म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मॅनेजर. आईवडिलांनी त्यांना एक चांगलंसं नाव ठेवलं होतं, पण जालन्यात ते कुणी वापरल्याचं मी ऐकलं नाही. घरून वहिनीसुद्धा निरोप पाठवायच्या तो, “मॅनेजरला म्हणा, भाकरी थंडी व्हऊन राह्यली,” असाच. सकाळी ते मोंढ्यात एका अडत दुकानात बसायचे, दुपार कलली की सफारी चढवून ऑर्केस्ट्राचे व्हायचे. ऑर्केस्ट्राचं झोकदार नाव मोठ्या ड्रमवर रंगवलेलं होतं, तरी गावाच्या तोंडी ‘मॅनेजरची पार्टी’ हेच. काँगोवर बशीरभाई होते, ते दिवसा एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला. आणि मी. मी एका बियाण्याच्या कंपनीत टायपिस्ट होते आणि पोस्टरवर ‘फिमेल आवाज’ होते. नाव छापायचं नाही ही वडिलांची अट होती, त्यामुळे बरीच वर्षं मी नुसता आवाजच होते.

जालना जिल्हा झाला आणि गावात साहेबच साहेब झाले. तोवर एक तहसीलदार दिसला तरी लोक सायकलवरून उतरायचे. आता भाजी घेताना शेजारी पिशवी धरून कोण उभं आहे याचा भरवसा राहिला नाही. कुणी नागपूरकडचा, कुणी साताऱ्याकडचा. मुलांच्या शाळा बुडतील म्हणून बायकामुलं तिकडंच ठेवलेली, साहेब इथं क्वार्टरमध्ये एकटे, डब्यावर. गाव म्हणायचं, साहेब लई कडक. मॅनेजर हसायचे. “कडक काय कडक! बदलीचा माणूस हाये. दिवसभर सगळे त्याच्यापुढं उभे, अन् सांजच्याला बोलायला कोण? तर भिंत. तुम्ही बी कडक व्हसाल.”

आता ऑर्केस्ट्राचं सरकारी माणसांवाचून पान हलत नाही. लाउडस्पीकरची परवानगी पोलिसांकडं, कार्यक्रमाची तहसिलीत, मैदान नगरपालिकेचं, करमणूक कराचा माणूस आणखी तिसऱ्याच जिन्यावर. दुसऱ्या पार्ट्यांचे मॅनेजर साहेबांना पुढच्या रांगेचे पास द्यायचे, पेढ्यांचा पुडा द्यायचे. आमचे मॅनेजर गाणं द्यायचे. प्रत्येक सरकारी माणसाच्या पोटात कॉलेजातलं एक गाणं अडकून बसलेलं असतं आणि ते निघालं की माणूस मोकळा होतो, असा त्यांचा सिद्धांत होता. साहेब आधी “छे छे, भलतंच काय” म्हणायचे. दुसऱ्या भेटीत, “कॉलेजात असताना थोडंफार...” तिसऱ्या भेटीत गाण्याचे शब्द लिहिलेला कागद खिशातून निघायचा. मग कार्यक्रमात मॅनेजर पुकारा करायचे, साहेब स्टेजवर यायचे, आधी दोन शब्द बोलायचे, मग गायचे. ही आमची ठरलेली रीत.

साहेब कसे गायचे, हे विचारू नका. एक फौजदारसाहेब होते, छातीनं दाराएवढे, पण गाणं निवडणार ते रडकं. पहिल्या कडव्यातच डोळ्यांत पाणी, आणि हवालदार पुढच्या रांगेत सावधान होऊन बसलेले. अशा वेळी मॅनेजर विंगेतून एको सांभाळणाऱ्याला खूण करायचे. एको म्हणजे आवाज घुमवायचं यंत्र. त्यात बेसूर बराच बुडतो. हुद्द्याप्रमाणे एको, हा नियम. कारकुनाला चिमूटभर, नायब तहसीलदाराला जरा सढळ, आणि त्याहून मोठ्याला तर इतका, की साहेब गाऊन, हार घालून घेऊन, खाली खुर्चीत जाऊन बसले तरी त्यांची शेवटची ओळ कर्ण्यातून येतच असायची.

मला ऑर्केस्ट्रात आणलं तेही असंच. माझे वडील तालुका कचेरीत अव्वल कारकून. ऑर्केस्ट्रा हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. मॅनेजर घरी आले, चहा घेतला, आणि माझं नावही न काढता गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. आई म्हणाली, “हा माणूस नुसता चहाच पिऊन राह्यला, याला काम तरी काय हाये?” काम हे होतं, की ते वडिलांची देवघरातली आरती ऐकत होते. रामनवमीला जांब समर्थला आमच्या पार्टीची भक्तिगीतं होती, तिथं मॅनेजरांनी वडिलांना एका अभंगासाठी उभं केलं. पांढरी चार! अव्वल कारकून असे काही चढले, की मागच्या बायांनी पदर सावरून हात जोडले.  परतीच्या टेम्पोत वडील बशीरभाईंना म्हणाले, “ठेका जरा संथ ठेवत चला तुम्ही.” पुढच्या आठवड्यापासून मी तालमीला जायला लागले. आणि वडील तर पुढं सगळ्यांना सांगायचे, की पार्टी आम्हीच उभी केली.

हसनाबादची गंमत तर सांगायलाच हवी. तहसीलदारसाहेबांचं गाणं चाललेलं. साहेबांचा आवाज म्हणजे बैलगाडीला वंगण नसावं तसा. पण बशीरभाई शेजारी बसून काँगो वाजवता वाजवता हळूच खरं गाणं दुसऱ्या माइकवर गात होते, आणि साहेबांचा माइक जवळपास बंद होता. साहेब डोळे मिटून, हात पसरून रंगलेले. तेवढ्यात लाइट गेली. माइक गेले, एको गेला, बशीरभाईंनी शहाण्यासारखं तोंड मिटलं. साहेबांना मात्र काही कळलंच नाही. मिट्ट अंधारात त्यांचा असली आवाज सगळ्या हसनाबादनं ऐकला. पुढून एक म्हातारबा म्हणाले, “लाइट गेली ते गेली, साहेब बी गेले असते तं बरं झालं असतं.” मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पण मॅनेजर कंदील घेऊन साहेबांपाशी गेले आणि अगदी भक्तिभावानं म्हणाले, “साहेब, लाइट गेली तरी एक माणूस जाग्यावरून हलला न्हाई.” ते खरंच होतं. अंधारात कुणाला चपला सापडत नव्हत्या.

मी चिडायचे. “मॅनेजर, ही सरळसरळ लाळघोटी आहे,” असं तोंडावर म्हणायचे. ते रागावत नसत. मला तेव्हा दिसत असूनही कळत नव्हतं, की हा माणूस साहेबाला गाण्यानंतर कधीच काम सांगत नाही. काम असलं की अर्ज लिहायचा आणि रांगेत उभं राहायचं. काल ज्यांच्या गळ्यात हार घातला तेच साहेब आज केबिनमधून हाक मारायचे, “अहो मॅनेजर, आत या ना!” आणि हे तिथूनच, “न्हाई साहेब, माझा नंबर येऊन राह्यला बराबर.” त्यांचं एक वाक्य होतं. “ओळखीनं काम व्हत न्हाई, ताई. ओळख असली म्हंजे आडत न्हाई, एवढंच.”

आमची तालमीची खोली मात्र ओळखीतून आली होती. विश्रामगृहाच्या मागं बांधकाम खात्याची एक जुनी खोली होती, डांबराची रिकामी पिंपं ठेवलेली. तिथल्या पहिल्या इंजिनिअरसाहेबांनी, त्यांची काळी एक, एकदा आमच्याबरोबर गायल्यावर आपणहून सांगितलं, “पिंपं एका अंगाला सारा आणि करा तालीम.” बस, तोंडी. आमच्या कपड्यांना, वाद्यांना, माझ्या वेणीलासुद्धा डांबराचा वास यायचा. पण ती खोली होती म्हणून मी गात होते. गावात भाड्याची खोली ऑर्केस्ट्राला कुणी देईना, आणि दिली असती तरी वडिलांनी मला तिथं पाठवलं नसतं. सरकारी आवार आहे, चौकीदार आहे, आपली पोरगी सरकारच्या नजरेसमोर आहे, या हिशेबावर माझं गाणं उभं होतं.

आणि ते साहेब बदलून गेले, नवे इंजिनिअरसाहेब आले. उंच, बारीक, चष्म्यातून बघणारे. आल्या महिन्यातच आम्हाला नोटीस, की खोली गणपती विसर्जनाच्या आत खाली करावी, साहित्य ठेवायचं आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं, खोली त्यांच्या खात्याची. पण खोली गेली की तालीम गेली, तालीम गेली की वडील म्हणणार, झालं तेवढं पुरे. घरात स्थळं यायला लागलीच होती.

मॅनेजर नव्या साहेबांच्या दाराशी जाऊन बसले. पट्टीच लागेना! साहेब शिपायाला हाकच मारत नसत. नुसती घंटी वाजवायचे. टिंग. “घंटीची पट्टी घेऊन मी काय करू?” मॅनेजर हताश होऊन म्हणाले. आत जाऊन नमस्कार केला, तर साहेब नुसते बघत राहिले आणि म्हणाले, “काम?”

“काही न्हाई साहेब, सहज आल्तो.”

साहेबांनी भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. ‘कामाशिवाय आत येऊ नये.’

कार्यक्रमाच्या उद्घाटनाचा नारळ फोडायला बोलावलं, साहेबांनी मान हलवली, नाही. जांब समर्थचा प्रसाद नेला, साहेबांनी दोन बोटांनी चिमूट घेतली, तोंडात टाकली आणि पुन्हा फायलीत मान घातली. बशीरभाई म्हणाले, “ये साहेब नहीं, कुलूप है मॅनेजर.”

मग आम्हाला आठवलं, की ते पहिले काळी एकवाले साहेब आता याच खात्यात मोठ्या हुद्द्यावर गेलेत. त्यांनी एक शब्द टाकला की कुलपासकट सगळं उघडणार. मॅनेजर तयार होईनात. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, “तुमच्या तत्त्वापायी माझं गाणं बंद पडणार आहे, कळतंय का?” तेव्हा कुठं ते उठले. आम्ही दोघं त्यांना घेऊन एसटीडी बूथवर गेलो, आत ढकललं आणि काचेबाहेर उभे राहिलो. मॅनेजर बोलतायत, हसतायत, मान हलवतायत, मध्येच गंभीर झाले, पुन्हा हसले. बशीरभाई मला म्हणाले, “काम हो गया, ताई.” मॅनेजर बाहेर आले ते चेहरा पाडून.

“काय म्हणाले?”

“साहेबांचा घसा बसलाय. डॉक्टरनं गायचं बंद केलंय त्यांचं. लेकीचं लग्न ठरलं म्हणे, पाहुणे चांगले हायेत.”

“आणि खोली?”

“आता माणूस घसा बसला म्हणून राह्यला, ताई, अन् त्याला मी खोली सांगू?”

मी डोक्याला हात लावला. बशीरभाई रस्त्यातच उकिडवे बसून हसायला लागले. मला तर त्या माणसाचा इतका राग आला होता, की मी दोघांना तिथंच सोडून तडक घरी निघाले.

त्यातच इंजिनिअरसाहेबांच्या शिपायानं बातमी आणली, की साहेब सकाळी आंघोळीला गातात. आणि साधंसुधं नाही, सुरात. मॅनेजरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. “बघा! म्या म्हन्लं न्हवतं? प्रत्येकाच्या पोटात असतं. फक्त लाजरा माणूस हाये. लाजऱ्या माणसाला इचारायचं नसतं, एकदम उभं करायचं असतं.” मी म्हटलं, विचारून तरी बघा. पण त्या दिवशी मॅनेजर कुणाचं ऐकायच्या बाहेर गेले होते.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत गणपतीचा आमचा कार्यक्रम होता. दिवेलागण झाली तसं पटांगण भरलं. बायका सतरंजीवर, पोरं भिंतीवर, पुढच्या रांगेत झाडून सगळे साहेब. जिल्ह्याचे मोठे साहेब आलेले म्हणून इंजिनिअरसाहेबही आले होते, अगदी कडेच्या खुर्चीत. दोन गाणी झाली आणि मॅनेजरांनी माइक घेतला. “आता आपल्या बांधकाम खात्याचे नवे साहेब, ज्यांचा गळा देवानं घडवलाय, ते पहिल्यांदा जालनेकरांसमोर गाणार हायेत!” टाळ्या. साहेब जागच्या जागी गोठले. शेजारच्या दोघांनी धरून उठवलं, मोठ्या साहेबांनी हसून हात केला, आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. साहेब स्टेजवर आले. मॅनेजरांनी माइक त्यांच्या हातात दिला आणि रीतीप्रमाणे म्हणाले, “साहेब आधी दोन शब्द बोलतीन, अन् मंग गाणं.”

साहेबांनी तोंड उघडलं. “म... म... म...” एवढंच. मान ताणलेली, डोळे मिटलेले, ओठ जागेवर थरथरतायत, आणि शब्द काही केल्या बाहेर येईना. वर आमचा एको. तो एकच ‘म’ सगळ्या पटांगणात घुमत फिरतोय. भिंतीवरचं एक पोरगं फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. मी कडेला उभी होते, साहेबांचा हात मला दिसत होता. माइक धरलेला हात लटलट कापत होता. आम्हा सगळ्यांना त्या एका क्षणात सगळं कळलं. घंटी का, पाटी का, ‘काम?’ एवढाच एक शब्द का. गाताना तोतरेपणा येत नाही हो, बोलतानाच येतो. आणि आम्ही त्या माणसाला नेमकं बोलायला उभं केलं होतं.

हसू पुढच्या रांगेपर्यंत येणार, तेवढ्यात मॅनेजरांनी दुसरा माइक ओढला आणि स्वतः गायला लागले.

मॅनेजर कधीच गायले नव्हते, हे मी सांगितलं नाही का? कान त्यांचा सोन्याचा, पण गळा म्हणजे गळका हापसा, आणि ते त्यांना स्वतःला जेवढं ठाऊक होतं तेवढं दुसऱ्या कुणाला नव्हतं. म्हणून ते तालमीत साधं गुणगुणतसुद्धा नसत. त्या दिवशी गायले. अरे देवा, काय ते गाणं! एक सूर लागला असेल तर शपथ. वर हातवारे, वर गिरकी. अकॉर्डियनवाल्याला पट्टीच धरता येईना, त्यानं हात जोडले. पटांगण फुटलं हसून. पोरं भिंतीवरून खाली पडायची राहिली. “बसा मॅनेजर!” “मॅनेजरला आवरा!” मोठे साहेब रुमालानं डोळे पुसतायत. आणि या गोंधळात इंजिनिअरसाहेब माइक ठेवून, पायऱ्या उतरून, खाली कडेच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्याकडं एका माणसानंही पाहिलं नाही. मॅनेजरांनी ते खात्रीनं पाहिलं आणि मगच गाणं थांबवलं.

विंगेत आले तेव्हा घामानं सफारी भिजलेली. मी पाणी दिलं. मला हसूही येत होतं आणि रडूही. म्हणाले, “तुमचं काय जातंय ताई, तुम्ही नुसतं ऐकलं. मला ऐकू बी येत व्हतं अन् गावं बी लागत व्हतं.”  “म्या त्या माणसाला इचारलं का न्हाई हो?” एवढंच पुन्हा पुन्हा. शिपायाला बशीरभाईंनी धरलं, की आधी सांगायला काय झालं होतं! तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही गाण्याचं इचारलं. बोलण्याचं कुठं इचारलं?”

दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. आता खोली तर गेलीच, वर आणखी काय होतं ते बघायचं, अशा तयारीनं आम्ही तिघं गेलो. मॅनेजर आत शिरताच हात जोडून उभे राहिले. “साहेब, चूक बिलकुल माझी हाये. यांचा काही संबंध न्हाई. खोली आजच्या आज खाली करून देतो. फक्त तुम्ही मनात ठेवू नका.”

साहेबांनी हातानं बसायची खूण केली. मग ते बोलायला लागले. शब्द अडत होता, ते थांबत होते, पुन्हा धरत होते. मॅनेजर मध्ये एकदाही त्यांचं वाक्य पुरं करायला गेले नाहीत. मी गेले असते, मला तेवढा धीर नाही. साहेबांचं म्हणणं एवढंच होतं, की साहित्य दुसरीकडं ठेवता येईल, खोली कर्मचाऱ्यांच्या सांस्कृतिक मंडळासाठी म्हणून रीतसर देता येईल, तोंडी नको, लेखी. आणि शेवटी त्यांनी विचारलं, “स... संध्याकाळी मी... तालमीला येऊन ब... बसलो तर चालेल का?”

सरकारी साहेब आम्हाला परवानगी मागत होता! मी बशीरभाईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. मॅनेजर मात्र गंभीर चेहरा करून म्हणाले, “साहेब, त्याला अर्ज द्यावा लागंल.”

साहेब आधी दचकले, मग इतके हसले की बाहेरून शिपाई डोकावला. ते हसणं ऐकून मॅनेजर जिना उतरताना मला हळूच म्हणाले, “पांढरी एक.”

साहेब खरोखरच यायला लागले. डांबराच्या पिंपावर वर्तमानपत्र टाकून बसायचे. पहिले काही दिवस नुसते ऐकायचे. मग कोरसमध्ये गायला लागले. कोरसमध्ये त्यांची जीभ कुठंच अडकत नसे, आणि आवाज तर खरोखर देवानं घडवलेला. एकट्यानं कधी गायले नाहीत आणि मॅनेजरांनी पुन्हा कधी सुचवलंही नाही. त्या वर्षानंतर मॅनेजर कुठल्याही साहेबाला आधी विचारायचे, “साहेब, तुम्हाला आवडंल का? न्हाई म्हणालात तरी चहा तं घेऊच.” काही साहेब नाही म्हणायचे. मग हे त्यांच्याकडं नुसते जाऊन बसायचे, कापसाचं, पावसाचं, लेकरांचं बोलायचे. मी त्यांना लाळघोटे म्हणायचं कधीच सोडून दिलं होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांना गाण्याचं सगळं सांगायला वडिलांबरोबर मॅनेजरच आले होते, आणि माझ्या सासऱ्यांची पट्टी त्यांनी पोहे खाता खाता ओळखली.

इंजिनिअरसाहेबांची बदली झाली, पुढचे आले, त्यांच्या पुढचे आले. मग हळूहळू ऑर्केस्ट्राच संपला. डीजे आला, नुसत्या कॅसेटवर गाणारे आले, आणि बशीरभाईंच्या काँगोऐवजी ठेका देणारी एक बटणांची पाटी आली. विश्रामगृह नवं बांधलं, त्यात आमची खोली पाडली. मॅनेजरांनी त्याचं फार दुःख केलं नाही. “सरकारची व्हती, सरकारला लागली,” म्हणाले. कार्यक्रम बंद झाले तरी त्यांची पत्रं आणि फोन चालूच होते. आता कुणाकडूनच परवानगी लागत नव्हती, तरी प्रत्येक बदलून गेलेल्या साहेबाची त्यांना खबर असायची. कुणाला नातू झाला, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

ते गेले तेव्हा आम्ही टाउन हॉलमध्ये शोकसभा ठेवली. वाटलं होतं, मोंढ्यातले लोक, आम्ही वाजवणारे, आणि घरची मंडळी येतील. पण लातूरहून, नागपूरहून, नाशिकहून माणसं आली. पांढऱ्या केसांची, काठ्या टेकत आलेली रिटायर माणसं. वहिनी मला विचारायच्या, “हे कोण?” आणि मला नाव आठवायच्या आधी पट्टी आठवायची. भाषणं झाली. सगळे साहेब चांगले बोलले, बोलायची सवयच ती. मॅनेजर असे होते, मॅनेजर तसे होते. 

शेवटी, कुणी नाव पुकारलेलं नसताना, मागच्या रांगेतून इंजिनिअरसाहेब उठले.  बशीरभाईंनी माझा हात दाबला. साहेब माइकपाशी गेले, चष्मा पुसला, आणि पहिलाच शब्द अडला. तोच ‘म’. ते थांबले. घाई केली नाही, खाली बघितलं नाही. पुन्हा धरला, पुन्हा अडला. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता. कुणी खोकलंसुद्धा नाही.

“म... मॅनेजर,” साहेब म्हणाले, आणि श्वास घेतला. “एकदाच गायले. फ... फार बे... बेसूर.”

सगळा हॉल हसला. वहिनी हसल्या, बशीरभाई हसले, ते पांढऱ्या केसांचे सगळे साहेब रडता रडता हसले. साहेब माइक धरून उभे होते, ते हसणं ऐकत, आणि त्यांचा हात बिलकुल कापत नव्हता. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले. त्यांना आणखी बोलायचं होतं.